सात गाठी, निल

आमच्या नांदेड-लातूरकडं रिपोर्ट दोनच प्रकारचे असतात. एक ‘निल’ आणि दुसरा ‘निघालं’. मलेरिया असो, टीबी असो की कॅन्सर, माणूस लॅबच्या खिडकीशी येतो, लिफाफा हातात घेतो आणि तो न उघडताच विचारतो, “निल हाय ना?” नाहीतर आवाज खाली आणून, “काही निघालं का?” मी तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. तीन-तीन पानी रिपोर्ट लिहिले, एकेका स्वल्पविरामावरून टायपिस्टशी भांडले. आमच्या लोकांनी त्या सगळ्याचा एका शब्दात निकाल लावून टाकला.

संपादकांचा निरोप असा की, मॅडम, तुमच्या व्यवसायातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं आवडतं. गमती आहेत, नाहीत असं नाही. एखादी सांगतेही. पण मला लिहायला बसवलं ते वेगळ्याच एका केसनं आणि ती काही हलकीफुलकी नाही. संपादकांना नको वाटली तर त्यांनी खुशाल कापावी. कापाकापीचं मला काही वाटत नाही, मी जन्मभर तेच केलं.

आधी गंमत. देगलूरकडच्या एका लहान दवाखान्यात एका माणसाच्या जठराचं ऑपरेशन झालं. काढलेला भाग तपासायला आमच्याकडं पाठवायचा होता, पण एवढ्या मोठ्या तोंडाचा डबा त्यांच्याकडं नव्हता. पेशंटच्या भावानं घरून लोणच्याची बरणी आणली. त्यांनी तिच्यात जठर ठेवून औषध ओतलं, आणि हा गडी बरणी मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला आला. वाटेत शेजारच्या बाईनं विचारलं, “काय हाय ओ त्यात?” हा गडबडला आणि म्हणाला, “आवकाया.” आवकाया म्हणजे तिकडच्या तेलुगू घरांतलं आंब्याचं लोणचं. झालं! बाई डबा उघडून बसली होती, तिनं भाकरी पुढं केली आणि म्हणाली, “थोडं वाढा की, दादा.” त्यानं उरलेला प्रवास उभ्यानं केला. रिपोर्ट न्यायला आला तेव्हा त्याची एकच तक्रार होती. “बरणी वापस द्या मॅडम, अम्माची हाय.” मी नवी कोरी बरणी आणून दिली. त्यानं ती बोटानं वाजवून पाहिली आणि म्हणाला, “जुनी जाड होती.”

आता धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मायक्रोस्कोपच्या दुर्बिणीत डोळा घालून बसतो. खरं काम त्याच्या आधी असतं, आणि ते हातानं करायचं असतं. पोटाच्या कॅन्सरमध्ये सर्जन जठर काढतो, तेव्हा त्याच्यासोबत चरबीची एक झालरही येते. त्या पिवळ्या चरबीत गाठी असतात. पुस्तकात त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात, आम्ही नोड म्हणतो. कॅन्सर जठरातून बाहेर पडला की बहुतेक वेळा पहिला मुक्काम या गाठींत करतो. म्हणून किती गाठींत तो पोचलाय, यावर आजाराची पायरी ठरते आणि पुढची बरीच गणितं ठरतात. त्या गाठी आम्हाला चरबीत बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात. हरभऱ्याएवढी गाठ हाताला पटकन लागते. ज्वारीच्या दाण्याएवढी लागायला सवय लागते. नियम असा आहे की किमान सोळा तरी तपासाव्यात. सात तपासल्या आणि एकीतही कॅन्सर नाही, याचा अर्थ त्या सातांत नाही, एवढाच. कणगीत वरच्या मुठीला कीड दिसली नाही म्हणून खालच्या धान्याची हमी कुठलीही शहाणी बाई देत नाही.

त्यात अलीकडं पद्धत बदलली. आधी केमोचे काही डोस देतात, मग ऑपरेशन करतात आणि नंतर पुन्हा केमो. पद्धत चांगली आहे, माणसं जास्त जगतात. पण आमची पंचाईत झाली. औषधानं जठरातली गाठ लहान होते तशा या चरबीतल्या गाठीही आक्रसतात. हरभऱ्याची मोहरी होते. त्या चरबीला चिकटतात आणि बोटाला लागत नाहीत. काही गाठींत कॅन्सर होता पण मेला, नुसता व्रण उरलाय, असं असतं. काहींत व्रणाच्या कडेला चार-दोन जिवंत पेशी दबा धरून असतात. म्हणून अशा रिपोर्टात आम्ही आजाराच्या पायरीच्या आधी ‘वाय’ हे अक्षर लावतो. ही पायरी उपचारानंतरची आहे, मूळची नव्हे, असा त्याचा अर्थ. उदगीरच्या एका गुरुजींनी ते अक्षर पाहून मला झापलं होतं. “वाय-बीय कशाला लावता मॅडम? येस लिहा न्हाई तर नो लिहा.”

या गाठी शोधण्यात मी उस्ताद होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. किल्लारीच्या एका बाईंच्या चरबीत मी दोन दिवस बसून तेवीस गाठी काढल्या होत्या. त्यातल्या अगदी शेवटच्या, तिळाएवढ्या गाठीत जिवंत पेशी सापडल्या. बाईंनी पुढचा केमो तक्रार न करता पुरा केला. त्या अजून आहेत, अजून ऊस लावतात आणि दरवर्षी गुळाची ढेप घेऊन माझ्या दारात उभ्या राहतात. “तुमीच हुडकलं ते, मॅडम,” म्हणतात. हे ऐकून ऐकून माझा समज झाला की माझ्या बोटांतून काही सुटत नाही. तो समज मला फार महागात पडला. खरं तर मला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी पडला.

मारोती सोनकांबळे हे मुदखेडचे. रेल्वेत कीमन होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. उंच, काटक माणूस. पोटात जळजळ म्हणून वर्षभर इनोवर काढलं, मग वजन उतरलं, आणि घशातून नळीची दुर्बीण घालून काढलेला जठराचा तुकडा माझ्याकडं आला. तो कॅन्सर होता. तो रिपोर्ट न्यायला त्यांची मुलगी आली होती, संघमित्रा. घरात तिला मित्रा म्हणत. पंचायत समितीत क्लार्क होती, म्हणजे कागद वाचणारी पोरगी. “जय भीम मॅडम,” म्हणून समोर उभी राहिली, रिपोर्ट पूर्ण वाचला, न समजलेले चार शब्द विचारून वहीत लिहून घेतले. मला ती आवडली. शहाण्या माणसांशी मी नीट बोलते, हे माझ्या लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी तिला माझा मोबाइल नंबर दिला. तो मी सहसा कुणाला देत नसे.

केमोचे चार डोस झाले. मग ऑपरेशन झालं आणि त्यांचं जठर माझ्या टेबलावर आलं.

तो गुरुवार होता. गुरुवारी मी लातूरला जायची. तिथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासून लगेच उत्तर द्यावं लागे, आणि त्या दिवशी दहा वाजताची वेळ दिलेली होती. नांदेडहून निघायचं म्हणजे सातला गाडीत बसायला हवं. मी पहाटेच लॅबमध्ये आले, म्हटलं हे एक काम उरकून जावं. उरकून हा शब्द आमच्या कामात वापरू नये, पण मी तोच वापरला होता.

माझ्यासोबत रफिकभाई होते. लॅबचे जुने टेक्निशियन, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. मी काप घ्यायची, ते डब्यांवर नंबर घालायचे. त्यांच्याइतकं शिस्तीचं माणूस मी पाहिलं नाही. जठरातली मूळ गाठ खूपच आटली होती, औषधानं छान काम केलं होतं. मग मी चरबीकडं वळले. बोटांनी चाचपत गेले. तीन सापडल्या. मग दोन. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी आणखी दोन. सात झाल्या. घड्याळात पावणेसात वाजले होते.

मी हातमोजे काढायला लागले. रफिकभाई म्हणाले, “मॅडम, चरबी अजून लई हाय. उद्यापर्यंत दव्यात भिजत घालू का?”

ते बरोबर सांगत होते. एक द्रावण असतं, त्यात चरबी दिवसभर ठेवली की ती काचेसारखी होते आणि गाठी खडूसारख्या पांढऱ्या उठून दिसतात. एक दिवस उशीर होतो, बाकी काही नाही.

मी म्हणाले, “रफिकभाई, पॅथॉलॉजिस्ट तुम्ही का मी?”

उरलेली चरबी त्यांनी डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा फडताळात ठेवला. मी लातूरला गेले, दहाच्या आत पोचले, तिथल्या सर्जननं माझ्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं.

सातही गाठी दुर्बिणीखाली स्वच्छ निघाल्या. एकीत जुना व्रण होता, जिवंत पेशी नव्हती. मी रिपोर्ट लिहिला. तळाला बारीक अक्षरांत एक ओळ घातली की गाठींची संख्या अपेक्षेपेक्षा कमी आहे. ती ओळ मी पेशंटसाठी लिहिली नव्हती. उद्या कुणी जाब विचारला तर दाखवायला म्हणून लिहिली होती.

मित्राचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. समोर माझा नंबर लागायच्या बेतात होता. ती म्हणाली, “मॅडम, उद्या रिपोर्ट घ्यायला येऊन राहिले. पण तवर जीव ऱ्हाईना. गाठी निल हायत का?”

मी म्हणाले, “हो, निल आहेत.”

सात तपासल्या, त्या निल आहेत, बाकीच्यांचं मला माहीत नाही, हे बोलायला कितीसा वेळ लागला असता? पलीकडं ती रडायला लागली, मागं कुणाला तरी ओरडून सांगत होती, “आई, निल हाय, निल!” मला बरं वाटलं. चांगली बातमी सांगणं आमच्या वाट्याला कमी येतं, म्हणून मी ती चवीनं सांगितली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नेताना तिनं तळाच्या त्या ओळीबद्दल काही विचारलं नाही, माझा शब्द तिला पुरेसा होता.

पुढं घरात काय झालं, ते मला वर्षभरानं कळलं. केमोच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ऑपरेशननंतर आणखी चार डोस घ्यायचेच, रिपोर्ट काहीही येवो. पण पहिल्या चार डोसांनीच सोनकांबळे खचले होते. तोंड सोलवटलं होतं, हातापायांना मुंग्या येऊन शर्टाची बटणं लावता येत नव्हती. ते म्हणाले, निल हाय तर मंग कशाला? डॉक्टरांचं म्हणणं मित्राला माहीत होतं. पण बापाचे हाल तिला बघवत नव्हते आणि हातात माझा शब्द होता. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाबा. नगं घेऊ.”

रिपोर्ट दिल्यावर उरलेले डबे आम्ही काही आठवडे ठेवायचो आणि मग टाकून द्यायचो. टाकण्याआधी माझी सही लागे. पाच आठवड्यांनी रफिकभाई डब्यांची यादी घेऊन आले. सगळ्यांवर सही झाल्यावर त्यांनी एक डबा मागून काढून टेबलावर ठेवला.

“हा यादीत न्हाई घेतला,” ते म्हणाले. “टाकायला माझं मन न्हाई होऊन राहिलं. एकदा बघून घ्या मॅडम, मंग टाकू.”

डब्यावर सोनकांबळेंचा नंबर होता. या वेळी मी त्यांना उलट बोलले नाही. चरबी द्रावणात घातली. दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरली तर पांढरे ठिपके दिसत होते. मी एकेक मोजत काढले. नऊ होते. सातात नऊ मिळवले की बरोबर सोळा होतात. त्यांचे पातळ काप लावलेल्या काचा तयार झाल्या, मी एकेक बघत गेले. नवांपैकी दोन गाठींत जिवंत पेशी होत्या. एकीत तर चांगलं बिऱ्हाड थाटलं होतं.

मी हातानं काच काढली, पुसली, पुन्हा लावली. पुसल्यानं काही बदलत नाही हे मला माहीत होतं.

वेळ गेलेली नव्हती. हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. ऑपरेशनला सहा आठवडे होत आले होते. केमो सुरू करायला तो काळ अगदी योग्य असतो. मी खुर्चीत बसूनच मित्राला फोन लावला.

तिनं पहिल्या रिंगलाच उचलला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “मॅडम! तुमाला शंभर वर्षं आविष्य हाय. आत्ताच तुमचं नाव काढलं. आज बाबांनी अर्धी भाकर खाल्ली, वरण कुस्करून. लई दिवसांनी खाल्ली. आई तर दारात जाऊन समद्यांना सांगून राहिली.”

मी म्हणाले, “अरे वा.”

“तुमी कशाला फोन केलता?”

आता सांगायचं होतं. मी म्हणाले, “काही नाही, सहज. बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवून आण.”

तिचा आवाज बदलला. “कामून? काही निघालं का?”

“नाही, नाही. रुटीन.”

रुटीन! हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला, ते मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता प्रश्नाचाही कंटाळा आला. कारणं सापडतात. तिचा आनंद मोडवेना, हे खरं आहे. पण त्याच्या खाली दुसरं खरं होतं. किल्लारीच्या बाईंचा गूळ खाणारी मी, मला ‘माझं चुकलं’ असं एका क्लार्क मुलीला सांगायचं नव्हतं.

मग मी नियमाप्रमाणं केलं. पुरवणी रिपोर्ट लिहिला. सोळा गाठी, दोनांत आजार. सही करून हॉस्पिटलात माणसाहाती पाठवला, पोच घेतली. बाहेरच्या लोकांना हे पुरेसं वाटेल. पण आमच्याकडची रीत अशी की रिपोर्ट नातेवाईक खिडकीवरून घेतात आणि तेच डॉक्टरकडं नेतात. त्यांच्या हातात पिशवी असते, पिशवीत फाइल, आणि त्या फाइलवर सगळा दवाखाना चालतो. पुरवणी रिपोर्ट न्यायला कुणीच येत नाही, कारण तो निघालाय हेच कुणाला ठाऊक नसतं. ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जन तोवर दुसऱ्या शहरात गेले होते. माझा कागद हॉस्पिटलच्या फाइलीला लागला आणि फाइल कपाटात गेली. मला हे सगळं कळत होतं. तीस वर्षं त्याच व्यवस्थेत काढल्यावर कळणार नाही कसं? तरी पोच हातात आल्यावर मी सुटल्यासारखा श्वास घेतला.

डॉक्टरांना दाखवून आण म्हटलं होतं, पण रुटीन म्हटल्यावर कोण मुदखेडहून भाडं खर्चून येतं? ते आले नाहीत.

वर्ष उलटलं. एका सकाळी नमुन्यांत एक बाटली आली. पोटात साठलेलं पाणी, गढूळ, लालसर. चिठ्ठीवर नाव मारोती सोनकांबळे. मी काच लावली. पेशी ओळखायला मला क्षणही लागला नाही, आमची जुनी ओळख होती. मी रफिकभाईंना सांगितलं, “रिपोर्ट खिडकीवर देऊ नका. न्यायला येतील त्यांना माझ्याकडं आत पाठवा.”

दुसऱ्या दिवशी दोघं आले, बाप आणि लेक. सोनकांबळेंच्या शर्टाखालून पोट पुढं आलं होतं आणि हात काड्यांसारखे झाले होते. मला वाटलं होतं मित्रा एकटीच येईल. ते म्हणाले, “ही नगं म्हणत व्हती. मीच आलो. मला तुमालाच भेटायचं व्हतं.” मित्रा दाराजवळच्या स्टुलावर बसली. एके काळी चार शब्द वहीत उतरवून घेणारी ती मुलगी आता माझ्याकडं बघतही नव्हती.

सोनकांबळेंनी विचारलं, “मॅडम, तवा निल व्हतं ना?”

मी म्हणाले, “नव्हतं.”

मग सगळं सांगितलं. गुरुवारची घाई, सात गाठी, रफिकभाईंना बोललेलं, पाच आठवड्यांनी उघडलेला डबा, नऊ गाठी, त्यातल्या दोन. मग फोन. “मित्राशी बोलले तेव्हा मला कळलेलं होतं, आणि तरी मी रुटीन म्हणाले,” हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, “कागद पाठवला होता हॉस्पिटलला.” हे म्हणताना मी टेबलाचा खण उघडून पोच काढायला लागले होते, हे आठवलं की अजून लाज वाटते.

सोनकांबळेंनी हात वर केला. पोच त्यांना नको होती.

“आमचं काम ठाऊक हाय का तुमाला? कीमनचं?” त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. “रोज रुळावरून पायी चालायचं. हातोडा घिऊन. रुळाला धरून ठिवणाऱ्या चाव्या असत्यात, त्या एक-एक बघायच्या, ढिली दिसली की ठोकायची. कवा कवा रूळच तडकलेला सापडतो. मंग का करतो आमी? चिठ्ठी लिवून स्टेशनला धाडतो?” ते थांबले, त्यांना धाप लागली होती. “न्हाई. लाल झेंडी घेतो अन् गाडीसमोर पळत सुटतो.”

मी मान खाली घातली. “चुकलं माझं,” म्हणाले.

त्या चार डोसांनी ते वाचले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सगळे डोस घेऊनही काहींचा आजार परततो. हेही मी त्यांना सांगितलं, आणि सांगताना हे मी माझी सुटका करून घ्यायला बोलतेय का, असा संशय मला स्वतःचाच आला. पण एक संधी होती आणि ती घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. ते मी परस्पर ठरवून टाकलं.

मला वाटलं आता ते ओरडतील. तक्रार करतील. त्याची मी तयारी ठेवली होती, खरं तर मला ते हवंच होतं. सोनकांबळे खुर्चीत थोडे सरकले आणि म्हणाले, “मॅडम, हेच जरा हिच्याकडं बघून सांगा.”

मला कळलं नाही.

“पोट फुगायला लागल्यापासून ही नीट जेवून न्हाई राहिली. हिची आई बोलून गेली रागात, तू नगं घिऊ म्हणलीस म्हनून बापाचं असं झालं. तवापासून हिनं तेच मनात धरलं. मी लई समजावलं. बापाचं कोन ऐकतं? म्हनलं, ज्यांनी निल सांगितलं त्यांच्याकडंच चल.” ते माझ्याकडं बघत राहिले. “मला आता तुमच्याकून दुसरं काही नगं.”

म्हणजे तो माणूस मुदखेडहून त्या पोटानिशी स्वतःच्या रिपोर्टसाठी आलाच नव्हता. तो रिपोर्ट त्यानं शेवटपर्यंत मागितला नाही.

मी उठून दाराजवळ गेले. मित्राच्या समोर उभी राहिले. “मित्रा, तुझं काही चुकलं नाही,” मी म्हणाले. “तू विचारलंस. मी चुकीचं सांगितलं. खरं कळल्यावर तुझ्यापासून लपवलं. बाबांना केमो नको म्हणालीस ते माझ्या शब्दावर म्हणालीस. हे तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे.”

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. “मंग त्या दिवशी फोनवर का न्हाई सांगितलं?”

“भीती वाटली.”

“तुमाला?” ती म्हणाली. तिला ते खरं वाटेना. मग ओढणी तोंडाशी धरून ती रडायला लागली, आणि सोनकांबळेंनी खुर्चीतूनच हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. मी माझ्याच खोलीतून बाहेर जाऊन उभी राहिले.

रफिकभाई बाहेर होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, आमच्या भिंती पातळ आहेत. त्यांनी दोन कप चहा आत पाठवला आणि मला तिसरा दिला.

त्यानंतर मी दोन वर्षं काम केलं आणि मग लॅब बंद केली. त्या काळात केमोनंतरचं जठर आलं की चरबी आधी द्रावणात जायची, मग बाकीचं, आणि उशीर का म्हणून विचारणाऱ्या सर्जनना मी सरळ सुनवायची. पुरवणी रिपोर्ट लिहिला तर त्याच दिवशी पेशंटच्या घरी फोन करायची आणि नमस्काराच्या आधी वाईट ते सांगायची. किती जणांना त्याचा उपयोग झाला, मला माहीत नाही. एवढं करून जमाखर्च फिटला असं मी म्हणत नाही, कारण ज्याचं देणं होतं तो माणूस त्यात कुठं नव्हता.

सोनकांबळेंच्या पोटातलं पाणी त्या पहिल्या बाटलीसकट तीन वेळा काढलं. दर वेळी बाटली माझ्याकडं यायची, दर वेळी तेच दिसायचं. चौथी बाटली आली नाही. मीच फोन करावा असं दोन दिवस मनात घोळत होतं आणि दोन दिवस मी तो केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर मित्राचं नाव दिसलं.

“जय भीम मॅडम,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, अजिबात कापत नव्हता. “बाबा काल सकाळी गेले. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच फोन केला.”

मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, “नीट ऐकू आलं ना, मॅडम?” मी हो म्हणाले, आणि तिनं फोन ठेवला.